मोटारीची आतली बाजू: थोड्या पैशांत कशी सावरावी?

जुनी मोटार काढून नवी घ्या, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. हप्ता भरायला मात्र त्यांच्यापैकी कोणी येत नाही. नावडे, तळोजा, कळंबोली आणि पनवेल या पट्ट्यात ज्यांची रोजीरोटी गाडीवर चालते, त्यांच्यापुढे हा प्रश्न रोजचा आहे. इंजिन ठीक आहे, गिअर नीट पडतो, टायर अजून वर्षभर चालतील, पण दार उघडले की कुबट वास येतो, सीटची कड बसलेली, छताचे कापड डोक्यावर लोंबलेले आणि पायाखाली ओल. गिऱ्हाईक आत वाकून पाहते आणि पुढच्या गाडीकडे जाते. शाळेची मुले नेणाऱ्या व्हॅनवाल्याला पालक सांगतात, "भाईजान, गाडी जरा बरी ठेवा." म्हणजे गाडी चालते, पण कमवत नाही.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी करून पुढे ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. एवढी वर्षे इंजिन टिकते, आतले सामान टिकत नाही. सात-आठ वर्षांत फोम बसतो आणि शिलाई उसवते, म्हणून गाडीच्या आयुष्यात हे काम एकदा तरी करावेच लागते. ते थोडक्यात कसे करावे आणि आपल्या सीटकाम करणाऱ्या कारागिरांनी त्यातून दोन पैसे सचोटीने कसे मिळवावेत, याची माहिती आज देत आहोत.

या धंद्याची मुंबईत मोठी परंपरा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवा. वरून सगळ्या एकसारख्या काळ्या-पिवळ्या, पण आत प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. कोणाच्या छताला फुलाफुलांचे कापड, कोणाच्या दाराला मखमल, कोणाच्या सीटला लाल गोट. ही कलाकुसर नाक्यावरच्या कारागिरांची होती आणि तिच्यावर कितीतरी घरे चालली. २०१५ साली 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमातून तरुण चित्रकारांनी टॅक्सीच्या सीटवर आणि छतावर आपली चित्रे छापून घेतली, तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांनीही या छतांची दखल घेतली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. २० वर्षे भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. गाडी गेली, हात शिल्लक आहेत. त्या हातांना आता व्हॅगन-आर, इको, जुनी ओम्नी आणि मारुती ८०० यांचे काम आहे. शिवाय रिक्षाचे हूड आणि सीट आहेच.

पहिला नियम. सीट कव्हर विकत घेण्यापासून कामाला सुरुवात करू नये. बहुतेक लोक नेमके तेच करतात. तयार कव्हर फाटक्या सीटवर चढवतात, दोन महिने गाडी चकाचक दिसते, मग पावसाळा येतो आणि खालून बुरशी वर येते. कव्हरचे पैसे गेले, रोग तसाच. आधी पाणी कुठून येते ते शोधावे, मग तळ, मग फोम, त्यानंतर कव्हर आणि छत. डॅशबोर्ड सगळ्यात शेवटी.

आपल्या भागात पाऊस चार महिने ठाण मांडून बसतो, म्हणून पाण्याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो. मोटारीत पाणी शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. दाराच्या काचेवरून पाणी दाराच्या पोकळीत उतरते. ते उतरणारच, तशीच रचना असते. दाराच्या खालच्या कडेला असलेल्या भोकांतून ते बाहेर जाते. ही भोके चिखलाने बुजली की पाणी दारात साचते. दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे प्लॅस्टिकचा कागद लावलेला असतो. स्पीकर बसवणारा किंवा काच दुरुस्त करणारा तो फाडतो आणि परत लावत नाही. मग दाराचा पुठ्ठा भिजतो, फुगतो आणि पाणी पायदानात उतरते. जाड प्लॅस्टिकचा कागद आणि चिकटपट्टी एवढ्यावर हे काम भागते. त्याला 'किरकोळ' म्हणून सोडून देणारा कारागीर गिऱ्हाइकाचे नुकसान करतो.

पुढच्या सीटच्या पायाशी, डाव्या बाजूला, पाऊस नसतानाही ओल दिसली तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त. ते पाणी साधे असते, त्याला वास नसतो. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल तर ते रेडिएटरचे पाणी आहे. हीटरची जाळी गळते आहे. ते काम मेकॅनिकचे, आपले नाही. पुढच्या-मागच्या काचेचे रबर आणि डिकीचे रबर तपासायला एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावे. वरून सुरू केले तर सगळीकडून ओघळ येतात आणि मूळ जागा कळत नाही. आतल्या कडांना जुने वर्तमानपत्र लावून ठेवले की पहिला थेंब कुठे पडला ते लगेच दिसते.

पाणी थांबल्यावर सीट काढाव्यात. त्याआधी बॅटरीची ऋण तार सोडावी. पुढची सीट बहुधा चार बोल्टवर असते. आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर सकाळी पाना घसरत नाही. सीटखाली पिवळ्या रंगाचा प्लग दिसला तर तो एअरबॅगचा किंवा बेल्टच्या यंत्रणेचा समजावा. बॅटरी सोडून दहा-पंधरा मिनिटे थांबल्याशिवाय त्याला हात लावू नये. प्लग सुटा असताना गाडीची चावी फिरवू नये, नाहीतर दिवा पेटून राहतो आणि तो घालवण्याचा खर्च वेगळा. एअरबॅग असलेल्या गाड्या आता जुन्या होऊन आपल्या दारात येऊ लागल्या आहेत, म्हणून उस्तादांनी शागीर्दांना हे पहिल्या दिवशीच सांगावे.

सतरंजी निघाली की पत्रा दिसतो. गंजाचे नुसते डाग असतील तर तारेचा ब्रश, रेडऑक्साइड आणि वर रंगाचे दोन हात. भोक पडले असेल तर पत्र्याचा तुकडा वेल्डिंगने बसवावा. लांबी किंवा एम-सील भरून भोक बुजवणे म्हणजे पुढच्या पावसापर्यंतची सोय. नावड्याच्या शेजारीच कळंबोलीचा लोखंड बाजार आणि तळोज्याची एमआयडीसी असताना हातभर पत्र्यासाठी कंजुषी कशाला? वेल्डिंग करताना गाडीत फोम, सतरंजी किंवा सोल्यूशनचा डबा राहू देऊ नये. सतरंजीखालचा नमदा कुजला असेल तर फेकून द्यावा. तो वाळल्यासारखा वाटतो, पण पहिल्या ओलाव्याला पुन्हा वास सोडतो. सतरंजी मात्र साबणाने धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवली की बहुतेक वेळा पुन्हा कामाला येते.

फोम: इथेच पैसा वाचतो, इथेच फसवणूक होते

ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड सर्वात आधी बसते, कारण चढता-उतरता सगळा भार तिच्यावर येतो. बाकीची गादी शाबूत असते. अशा वेळी पूर्ण फोम बदलण्याची गरज नाही. बसलेला भाग धारदार सुरीने सरळ कापून काढावा आणि त्याच मापाचा, थोडा कडक फोमचा तुकडा चिकटवून बसवावा. वरून पातळ फोमचा एक थर दिला की सांधा हाताला लागत नाही. ही कारागिरी आहे आणि तिची मजुरी मागायला संकोच करू नये. पूर्ण गादी बदलण्यापेक्षा गिऱ्हाइकाला ती स्वस्तच पडते.

बाजारात फोम 'डेन्सिटी'वर विकला जातो. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचे वजन ४० किलो. बसण्याच्या भागाला ४० आणि पाठीला ३२ चालतो. दुकानदार ४० म्हणून ३२ देतो की काय, हे ओळखायला तराजू पुरेसा आहे. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि चार इंच जाड तुकडा वजन करावा. ४० डेन्सिटीचा असेल तर तो पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो, ३२ चा जेमतेम तीनशे. मात्र वजनालाही फसवणारे आहेत. फोममध्ये खडूची भुकटी मिसळून वजन वाढवतात. असा तुकडा हातात जोरात चुरगाळला की पांढरी पूड हाताला लागते, आणि दाबलेला भाग सावकाश वर येतो. असा फोम वर्षभरात बसतो. तुकडे दाबून केलेला जाड, रंगीबेरंगी फोम, ज्याला रिबॉन्डेड म्हणतात, तो कडक असतो. तळाला एक-दोन इंच तो आणि वर मऊ फोम, अशी गादी टॅक्सीला फार चांगली.

जुन्या गाड्यांच्या सीटमध्ये स्प्रिंग आणि वर काथ्याची गादी असते. काथ्या कुजला नसेल तर तो काढू नये. हवा खेळती ठेवण्याचा त्याचा गुण फोममध्ये नाही. स्प्रिंग आणि गादी यांच्यामध्ये गोणपाटाचा तुकडा हवाच. तो नसला की स्प्रिंग फोमला करवतीसारखी कापते. गोणपाट अगदी थोड्या पैशांत येते, पण सीटचे आयुष्य कितीतरी वाढवते.

आता कव्हर. तंग खिशाच्या माणसाने पूर्ण संच शिवायला टाकू नये. सहसा ड्रायव्हर सीटचा मधला पट्टा आणि बाहेरची कड फाटलेली असते, बाकी चांगले असते. उन्हाने उडालेल्या रंगाशी नवे रेक्झीन कधीच जुळत नाही, म्हणून जुळवण्याच्या भानगडीत पडू नये. दोन्ही पुढच्या सीटचे मधले पट्टे वेगळ्या रंगात करावेत. राखाडी सीटला काळा पट्टा घातला की पाहणाऱ्याला वाटते, नक्षीच अशी आहे. दुसरी युक्ती आपल्या आज्यांची. शर्टाची कॉलर विरली की त्या ती उलटून शिवत. तसे मागच्या सीटच्या पाठीमागचे, कोणाला न दिसणारे मूळ रेक्झीन उसवून पुढे घ्यावे आणि त्याच्या जागी साधे स्वस्त रेक्झीन लावावे. रंगही जुळतो, पैसेही वाचतात.

जुने कव्हर उसवताना कापू नये. टाका टाका सोडवावा, प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करावी आणि तोच फर्मा म्हणून वापरावा. कडेला शिलाईसाठी दहा-बारा मिलिमीटर सोडावे. रेक्झीन घेताना पाठ पाहावी. विणलेल्या, होजियरीसारख्या पाठीचे रेक्झीन ताणते आणि सीटच्या गोलाईवर बसते. साध्या कापडाच्या पाठीचे ताणत नाही, ते दाराच्या पुठ्ठ्याला वापरावे. रेक्झीनचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो. पाच माणसांच्या लहान गाडीच्या सगळ्या सीट करायच्या तर आठ ते दहा मीटर लागते. त्याहून फार जास्त कोणी सांगितले तर फर्मे जमिनीवर मांडून दाखवायला सांगावे.

दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा घामाने आणि दमटपणाने कुजतो. रेक्झीन शाबूत आणि शिलाई उसवलेली, अशा सीट आपण पाहतोच. टाका तीन ते चार मिलिमीटरचा ठेवावा. बारीक टाका मजबूत असतो, ही शिंप्याची समजूत कपड्यात खरी, रेक्झीनमध्ये उलटी. जवळजवळ भोके पडली की ते टपाल तिकिटासारखे त्याच रेषेवर फाटते. कव्हर चढवण्याआधी अर्धा तास उन्हात ठेवावे. ते मऊ पडते, सुरकुती राहत नाही आणि बोटेही वाचतात.

रेक्झीन घ्यावे की कापड? टॅक्सीला आणि शाळेच्या व्हॅनला रेक्झीन, कारण ओल्या फडक्याने पुसता येते. घरच्या गाडीत एसी नसेल तर कापड बरे, पाठीला घाम येत नाही. खऱ्या चामड्याचा विचार या बजेटमध्ये करूच नये. ज्यांना 'लेदर' म्हणून विकले जाते ते बहुतेक वेळा रेक्झीनच असते, हेही कापलेली कड पाहून कळते: चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेक्झीनच्या कडेला कापडाचा थर. जिथे पुढच्या सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असते, तिथे सीटच्या कडेला तशी खूण असते. त्या बाजूने शिलाईबंद कव्हर घालू नये. अपघातात एअरबॅग उघडलीच नाही तर त्या कव्हरची किंमत कोण मोजणार?

छत आणि सोल्यूशन

लोंबणाऱ्या छताला टाचण्या मारणारे आणि सुईने आत सोल्यूशन सोडणारे, दोघेही पैसे वाया घालवतात. छताच्या कापडाच्या पाठीला पातळ फोम असतो. उष्णतेने आणि दमटपणाने त्या फोमचे पीठ होते, म्हणून कापड सुटते. पिठावर कोणतेही सोल्यूशन धरत नाही. छताचा साचा बाहेर काढलाच पाहिजे. सनशेड, हँडल, दिवा आणि दाराचे रबर काढले की तो मागच्या दाराने निघतो. दोन माणसे लागतात, कारण साचा मोडला की काम दुप्पट होते. मग नरम ब्रशने जुना फोम संपूर्ण झाडावा. या झाडण्यात काम करणाऱ्याचा तास-दीड तास जातो आणि छत टिकते ते याच तासामुळे.

कापड अर्धे दुमडून ठेवावे. आधी एका अर्ध्यावर काम करावे, मग दुसऱ्यावर. सोल्यूशन साच्यालाही लावावे आणि कापडालाही, आणि लगेच चिकटवू नये. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाला चिकट वाटते पण बोटाला येत नाही, तेव्हा मधून बाहेर हाताने दाबत न्यावे. लाकडाचे पांढरे फेव्हिकॉल इथे चालत नाही. रबरी सोल्यूशन हवे, आणि तेही उष्णता सहन करणारे. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीत हवा साठ अंशांच्या आसपास जाते, छताचा पत्रा तर त्याहून तापतो. साधे सोल्यूशन त्या तापाने पुन्हा मऊ होते. भर पावसाळ्यात हे काम घेऊच नये. सोल्यूशन उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते, पांढरी झाक येते आणि पकड जाते. ऑक्टोबर ते मे हाच या कामाचा हंगाम. दारे उघडी ठेवावीत आणि विडी-सिगारेट लांब. या सोल्यूशनची वाफ डोक्यात जाते आणि पेटतेही.

डॅशबोर्डवर फार खर्च करू नये. साबणाच्या पाण्याने पुसावे, फटींना दात घासायचा जुना ब्रश. बाटलीतले चकचकीत पॉलिश धूळ ओढते आणि काचेवर उजेड मारते. भेग पडली असेल तर ती भरून टिकत नाही, कारण प्लॅस्टिक रोज तापते आणि आकसते. वर चटई घालावी, पण एअरबॅगचे झाकण झाकू नये.

स्वस्तातला आणखी एक मार्ग म्हणजे त्याच मॉडेलची जुनी सीट. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातल्या गाड्यांचे सामान मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. सीटची पट्टी सरकते का, पाठ अडकते का, बोल्टच्या जागा गंजल्या आहेत का, एवढे पाहून घेतले तर पूर्ण सीट कधीकधी फोम आणि कव्हर मिळून होणाऱ्या खर्चापेक्षा कमी पैशांत येते. सीटबेल्ट आणि एअरबॅग मात्र जुन्या घेऊ नयेत. फाटका बेल्ट शिवून देण्याचे काम कोणी आणले तर परत पाठवावे.

इथे एक नाजूक गोष्ट आमच्या कारागीर बांधवांसाठी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हजारो गाड्या पाण्यात गेल्या आणि नंतर कितीतरी गाड्या आतून नव्या करून दूरदूर विकल्या गेल्या. पाण्यात बुडालेली गाडी विकण्याआधी तिचा वास आणि डाग घालवण्याचे काम आजही आपल्याकडे येते. काम करायला हरकत नाही. पण बिलावर 'पाण्यात गेलेली गाडी, आतील काम' असे लिहावे. दलाल नाखूश होईल आणि पुढचे काम दुसऱ्याला देईल, हे आम्ही जाणतो. पण ऐब झाकून माल खपवण्याचे पैसे आपल्या गल्ल्यात येऊ नयेत, हे आपल्या व्यापाऱ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. विकत घेणाऱ्यांनी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. पाण्याची रेघ बेल्टच्या आतल्या टोकाला राहते, ती कोणी धूत नाही. सीटच्या पट्टीच्या खाचेत वाळलेला बारीक चिखल दिसला तर किंमत सांगण्याआधी दोनदा विचार करावा.

भाव ठरवताना तीन रकमा वेगळ्या लिहाव्यात: सामान, मजुरी आणि सतरंजी उचलल्यावर जे निघेल ते. तिसरी रक्कम आधी सांगता येत नाही, पण ती असू शकते हे आधी सांगता येते. भांडणे बहुतेक तिथेच होतात. सतरंजी काढल्यावर पत्र्याचा फोटो मोबाइलवर पाठवावा, होकार आल्याशिवाय पुढे जाऊ नये. काढलेले जुने तुकडे गाडी देईपर्यंत ठेवावेत. सामानाचे पैसे आगाऊ घ्यावेत, मजुरी काम झाल्यावर.

गिऱ्हाइकाकडे सगळ्याला पैसे नसतील तर आमच्या मते पाणी बंद करणे, तळ आणि ड्रायव्हरची सीट एवढे आधी करावे. छत पुढच्या महिन्यात, मागची सीट जमेल तेव्हा. नुसत्या धुण्यानेही निम्मी गाडी सावरते: बादलीभर कोमट पाणी, थोडा शाम्पू, नरम ब्रश आणि दुसऱ्या बादलीत साधे पाणी. सीट भिजवू नये, फेसाने घासून कोरड्या फडक्याने ओल उचलावी. बुरशीवर सिरका आणि पाणी समभाग करून पुसावे आणि चारही दारे उघडून दिवसभर उन्हात गाडी ठेवावी. ब्लीचिंगचे पाणी वापरू नये, ते दोऱ्याला आणि रंगाला खाते.

सीट परत बसवताना चारही बोल्ट आधी हाताने दोन-दोन आटे फिरवून घ्यावेत, मग आळीपाळीने आवळावेत. एक पूर्ण आवळून दुसरा लावायला गेले की पट्टी तिरकी बसते आणि सीट सरकत नाही. बेल्टचा बोल्ट सगळ्यात घट्ट. आठवडाभर गाडी चालल्यावर गिऱ्हाइकाला परत बोलवावे आणि सगळे बोल्ट एकदा पान्याने तपासून द्यावेत, त्याचे पैसे घेऊ नयेत.